चढताना की चढून झाल्यावर?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णांचे ऑफिसातले जुने स्नेही ठाण्यात वारले. तलावपाळीच्या मागच्या गल्लीत ते राहत. भेटायला जाऊन आल्यावर अण्णा नौपाड्यात माझ्याकडे थांबले. चहा पिता पिता म्हणाले, "तुझ्याकडे यायला बरं वाटतं हो. लिफ्ट आहे." मी हसले. मग थोड्या वेळाने, कपाकडे बघत, "त्याला व्हायचं ना, तसं मलाही होतं अधूनमधून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी येते. कठडा धरून उभा राहिलो की जाते."

अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचे घर डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. रस्त्यापासून दारापर्यंत चौपन्न पायऱ्या. दहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला होता, गोळ्या वेळेवर चालू होत्या. "हृदयाचं काम करून घेतलंय" असे आम्ही सगळेच समजत होतो. जवळच्या एका दवाखान्यात त्यांनी "चक्कर येते" एवढेच सांगितले होते आणि तिथून चक्करेच्या गोळ्या आणल्या होत्या. आठ महिने त्या चालल्या. मीही "हळू चढत जा, वय झालं आता" याखेरीज काही म्हटले नव्हते.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. त्या रात्री मी कल्याणला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, अंधारी चढताना येते की चढून झाल्यावर?"

"चढताना."

"मग उद्याच घेऊन या. आणि तोवर त्यांना जिना चढू देऊ नका."

या लेखाचा विषय तो प्रश्न आहे. तो इतका महत्त्वाचा का, हे समजून घेण्यात माझे पुढचे काही महिने गेले.

सुरुवात शब्दांपासून केली पाहिजे, कारण चूक तिथेच होते. आपल्या भाषेत या अनुभवांसाठी शब्दांची कमतरता नाही. खोली फिरते तेव्हा आपण गरगरते म्हणतो. पाय स्थिर पडत नाहीत तेव्हा तोल जातो. डोळ्यांपुढे काळे येते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, तेव्हा अंधारी येते. भोवळ, घेरी, झीट हे शब्द त्याच्या पुढच्या पायरीचे, आणि शुद्ध हरपली की ती मूर्च्छा. आजी-पणजीच्या बोलण्यात हे भेद असत. दवाखान्याच्या खुर्चीत बसले की मात्र आपण या सगळ्यांचे एकच करतो, चक्कर. गरगरणे बहुधा आतल्या कानाच्या बिघाडाचे असते. अंधारी ही मेंदूला रक्त कमी पडल्याची खूण असते. दोन्हींना एकच नाव दिले की दोन्हींना एकच गोळी मिळते.

आपल्या पूर्वजांनी हा भेद बारकाईने पाहिला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या क्रमाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. मूर्च्छा येणाऱ्या माणसाला आकाश निळे, काळे किंवा तांबूस दिसू लागते आणि तो अंधारात शिरतो, असे तिथले वर्णन आहे. मद आणि मूर्च्छा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास औषधावाचून शमत नाही, असेही म्हटले आहे. 'आपोआप शमते' ही गोष्ट खरी आहे, आणि आजच्या घरांत नेमकी तीच फसवते. कठडा धरला, अंधारी गेली, म्हणजे काही नव्हते असे आपण धरून चालतो. अंधारी गेली तरी तिचे कारण जागच्या जागी असते.

आता कारणाकडे. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पंधरा टक्के रक्त, म्हणजे मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर, एकटा मेंदू घेतो. त्याच्याजवळ साठा नसतो. पुरवठा पूर्ण थांबला तर सहा ते दहा सेकंदांत शुद्ध जाते. अंधारी म्हणजे त्या सेकंदांपैकी पहिली काही.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते. जिना चढू लागलो की मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंना कितीतरी जास्त रक्त हवे असते, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. निरोगी हृदय त्याबरोबर आपला पुरवठा काही पटींनी वाढवते आणि मेंदूचा वाटा कमी होऊ देत नाही. हृदयाला पुरवठा वाढवता आला नाही तर?

याचे उत्तर आमच्या डोंबिवलीतल्या कोणत्याही जुन्या इमारतीत मिळते. गच्चीवर पाण्याची टाकी असते. तिथून निघणारा मुख्य पाइप गंजून आतून अरुंद झालेला असतो. सकाळी खालच्या मजल्यांवरचे नळ बंद असतात तोवर तिसऱ्या मजल्यावर पाणी नीट येते. तळमजला आणि पहिला मजला यांनी एकदम नळ सोडले की वरच्या नळाची धार करंगळीएवढी होते, मग थेंब, मग नुसती हवा. टाकीत पाणी भरपूर असते, नळही बिघडलेला नसतो. टाकीच्या तोंडाशी वाट अरुंद असते, आणि खाली मागणी वाढलेली असते. पायांचे स्नायू म्हणजे खालचे मजले आणि मेंदू म्हणजे सर्वांत वरचा नळ. बसून पेपर वाचताना अण्णांना काहीच होत नव्हते, कारण तेव्हा खालचे नळ बंद होते.

अण्णांच्या बाबतीत अरुंद वाट होती महाधमनीच्या झडपेची. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सगळ्या शरीराकडे रक्त जाते ते या एका दारातून. प्रौढ माणसात ते पूर्ण उघडल्यावर तीन ते चार चौरस सेंटिमीटर होते. वयाबरोबर काहींच्या झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियमचा थर साचतो आणि त्या ताठ होतात. शंभरातल्या एक-दोन माणसांच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, त्यांच्यात हे लवकर घडते. आपल्या देशात लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापानेही झडपा खराब होतात. दार एक चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान झाले की विकार तीव्र समजतात. अण्णांचे ०.७ होते.

आणि स्टेंटचे काय? हा आमचा मोठा गैरसमज होता. स्टेंट बसतो तो हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत. पंपाला वीज पुरवणारी तार दुरुस्त केली म्हणून पंपातून बाहेर जाणारा पाइप मोकळा होत नाही. दहा वर्षांपूर्वी तार दुरुस्त झाली होती. त्यानंतर दार हळूहळू बंद होत होते, आणि 'हृदयाचं झालंय' या समाधानात तिकडे कोणी पाहिले नव्हते.

या विकारात अंधारी येण्याला आणखी एक कारण असते. अरुंद दारातून रक्त ढकलताना डाव्या कप्प्यातला दाब फार वाढतो. तिथले संवेदक त्यामुळे गोंधळतात आणि शरीराचा रक्तदाब वाढला आहे असा चुकीचा निरोप पाठवतात. मग रक्तवाहिन्या आणखी सैल होतात, ठोके मंदावतात. मेंदूला जास्त गरज असते तेव्हाच दाब घसरतो.

१९६८ साली जॉन रॉस आणि यूजीन ब्रॉनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी या झडपेच्या रुग्णांचा जीवनक्रम मांडला. तो आजही शिकवला जातो. झडप वर्षानुवर्षे अरुंद होत असते, तोवर माणसाला काही जाणवत नाही. पण छातीत दुखणे, धाप आणि मूर्च्छा यांपैकी एखादे लक्षण दिसू लागले की आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली जातो. मूर्च्छा सुरू झाल्यावर, झडप न बदलता, सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांचे. अण्णांच्या त्या तीन वर्षांतले आठ महिने आम्ही कानाच्या गोळ्यांवर घालवले होते.

श्रमात येणारी प्रत्येक अंधारी झडपेचीच असते असे नाही. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर स्नायूवर राहिलेल्या व्रणातून श्रमाच्या वेळी ठोक्यांची अनियंत्रित, अतिवेगवान लय सुरू होऊ शकते. त्यात हृदय थरथरते, पण रक्त पुढे जात नाही. काहींच्या हृदयातला विद्युतमार्ग जीर्ण झालेला असतो. चढताना ठोके शंभराच्या वर जायला हवेत तिथे ते पन्नासावरच अडतात. काहींच्या हृदयाचा मधला पडदा जाड होऊन बाहेरची वाट अडवतो. काहींच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असतो. कारणे वेगळी, पण सगळ्यांत गणित एकच. मागणी वाढली आणि हृदय पुरवठा वाढवू शकले नाही. म्हणून श्रम चालू असताना येणारी अंधारी ही हृदयाची तक्रार आहे असे आधी धरावे आणि तसे नाही हे तपासणीने ठरवावे.

चढून झाल्यावर, थांबल्यावर येणारी अंधारी बहुधा निराळी असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलो की ते काम बंद पडते, वाहिन्या मात्र अजून रुंद असतात, आणि रक्त पायांत साचते. हे धडधाकट धावपटूंनाही होते. अंथरुणातून झटकन उठल्यावर येणारी अंधारीही याच जातीची. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजला तर ती सापडते. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर उभे राहिल्यावर दाब पडतो असे म्हणतात.

अण्णांच्या तळमजल्यावरच्या काकूंचे असेच निघाले. त्यांनाही हृदयाचा त्रास, त्यांनाही अंधारी. अण्णांचे कळल्यावर त्या घाबरून तपासायला गेल्या. झडपा ठीक होत्या. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि लघवी वाढवणारी एक, अशा तिन्ही त्या सकाळी एकदम घेत, पाणी कमी पीत आणि मे महिन्यात अकरा वाजता बाजारात जात. डॉक्टरांनी एक गोळी रात्री घ्यायला सांगितली, एकीची मात्रा कमी केली. अंधारी गेली. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी यांनीही दाब उतरतो. जिभेखालची गोळी बसून घ्यायची असते ती म्हणूनच. पण हा बदल डॉक्टरांनी केला, काकूंनी स्वतः नव्हे. अंधारी येते म्हणून हृदयाच्या गोळ्या परस्पर बंद करणे हा अंधारीहून मोठा धोका आहे.

आता आपल्या गावांकडे येते. ठाणे ते कल्याण हा पट्टा जिन्यांचा आहे. रेल्वेच्या पुलांवर सरकते जिने आणि लिफ्ट आल्या, तरी त्या सगळीकडे नाहीत, आणि आहेत त्या नेहमी चालू असतात असेही नाही. चार मजल्यांच्या जुन्या इमारती डोंबिवली-कल्याणमध्ये गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर आता सत्तरी-ऐंशीची माणसे राहतात. एका अर्थी रोज त्यांच्या हृदयाची चाचणी होत असते. निकाल मात्र कोणी वाचत नाही, कारण म्हातारी माणसे चाचणीच टाळू लागतात.

ठाण्याच्या त्या काकांचे तसेच झाले. संध्याकाळी मासुंदा तलावाला तीन फेऱ्या मारण्याचा त्यांचा नेम होता. चालताना अंधारी येऊ लागली, तशा तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. मग ते कट्ट्यावर नुसते बसू लागले. घरी सांगत, "आता चक्कर येत नाही." ते खोटे नव्हते. खालचे नळच त्यांनी बंद करून टाकले होते. घरच्यांनाही बरे वाटले. एका सकाळी सुटणारी बस पकडायला ते चार पावले धावले आणि कोसळले. त्यांच्या हृदयाची तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे कारण काय होते हे कोणालाच सांगता येणार नाही. मला एवढेच दिसते की लक्षण दिसेनासे झाले ते बरे झाल्यामुळे नव्हे, आयुष्य आखूड केल्यामुळे.

अण्णांनीही हेच केले होते, हे मला मागाहून उलगडले. गडकरी रंगायतनचे नाटक "तिकीट मिळत नाही" म्हणून सुटले होते. दुर्गाडीवर नवरात्रात देवीला जाणे "गर्दी फार" म्हणून. भाजी वॉचमनकडून वर येऊ लागली होती. प्रत्येक कारण पटण्यासारखे होते. म्हणून "चक्कर येते का?" हा प्रश्न पुरत नाही. गेल्या वर्षी करत होतात आणि यंदा सोडले असे काय काय आहे, हे विचारावे लागते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचे, तेही मी शिकले. अंधारी कोणत्या क्षणी येते, सोबत धडधड, धाप किंवा छातीत दाब असतो का, आधी पूर्वसूचना मिळते की एकदम येते, किती वेळ टिकते, शुद्ध गेली होती का, घरात कोणाचा अचानक मृत्यू झाला आहे का, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे. माझ्या विद्यार्थिनीने अण्णांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि झडपेतून घासत जाणाऱ्या रक्ताची घरघर अर्ध्या मिनिटात ओळखली. ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, यांनी ते पक्के झाले. लय बिघडल्याची शंका असेल तर चोवीस तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र लावतात. धावपट्टीवरची चाचणी मात्र अशा लक्षणांत झडप तीव्र अरुंद असताना करत नाहीत, ती जिवावर बेतू शकते. "बघू या, पुन्हा एकदा चढून दाखवा" असा घरगुती प्रयोग न करण्याचे कारणही तेच.

आणि कोणी डोळ्यांदेखत कोसळलेच तर? लोकलच्या गर्दीत माणूस शुद्ध हरपूनही पडत नाही, चहूबाजूंच्या खांद्यांवर उभाच राहतो. लोक त्याला उचलून सीटवर ताठ बसवतात, तोंडात पाणी घालतात, कांदा किंवा चप्पल हुंगवतात. हेतू चांगला, कृती उलटी. पडणे हा निसर्गाचा इलाजच आहे. आडवे झाले की रक्ताला मेंदूपर्यंत चढावे लागत नाही. म्हणून माणसाला सपाट निजवावे, पाय उंच करावेत, तोंडात काही घालू नये. मूर्च्छेत हातापायांना दोन-चार झटके येऊ शकतात, तेवढ्यावरून फिट ठरवू नये. मिनिटाभरात शुद्ध आली नाही तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. श्वास नीट नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. श्रमात मूर्च्छा आलेल्या हृदयरोग्याने शुद्ध आली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

झडप बदलणे हाच अण्णांवर उपाय होता, या विकाराला दार उघडणारी गोळी नाही. छाती उघडून झडप बदलण्याची शस्त्रक्रिया १९६० पासून होत आहे. वयस्कर रुग्णांसाठी आता दुसरी वाट आहे. मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन, प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली घडी केलेली झडप जुन्या झडपेच्या आत उघडतात. फ्रान्समधल्या रुआं शहरात आलँ क्रिबिये यांनी अशी झडप माणसात पहिल्यांदा बसवली ती १६ एप्रिल २००२ रोजी. ही तारीख मी वाचून दाखवली तेव्हा अण्णा उठून बसले. "अगं, सोळा एप्रिल म्हणजे आपल्या गाडीचा दिवस!" बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ ला. छत्तीस वर्षे लोकलने नोकरी केलेल्या माणसाला ही खूण पुरली. या उपचारात खर्च मोठा आणि धोका अगदीच नाही असे नाही. काहींना पक्षाघात होतो, काहींना पेसमेकर लागतो. हे सगळे डॉक्टरांनी समोर बसून सांगितले. अण्णांनी ऐकून घेतले आणि विचारले, "घरी जिना चढता येईल का?" झडप मुंबईत बसली, पाचव्या दिवशी ते घरी आले.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे ते फडके रोडवर जायचे म्हणून हट्ट धरून बसले. गणपतीचे दर्शन घेतले, नव्या कपड्यांतल्या पोरापोरींची गर्दी पाहिली, एका जुन्या मित्राला मिठी मारली. परत आलो तेव्हा ते पुढे आणि मी मागे, असे जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. त्यांचा हात कठड्यावर गेला.

"अण्णा, अंधारी?"

"नाही गं," ते म्हणाले आणि वाकून त्यांनी चपलेतला खडा काढला.